रिकामी झोळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दुकानातला नव्हे, बाळांचा. दवाखान्याच्या छताला टांगलेला, खाली कापडी झोळी. कारखान्यात माझा काटा शून्यावर बसवताना कारागिराने डोळ्यांत तेल घातले होते. पुढे कित्येक बाळांनी माझ्या झोळीत हातपाय झाडले, काहींनी ती ओलीही केली. वजन वाढले की आया माझेच कौतुक करायच्या, जणू दूध मीच पाजले!

यंदा आमच्या नर्सताई निवडणुकीला उभ्या राहिल्या. नळाला गढूळ पाणी का येते, बाळांना जुलाब का होतात, एवढेच त्या विचारत. सत्तेतल्या पक्षाकडे उत्तर नव्हते. मग त्या पक्षाचे भोंगेकाका (हे नाव त्यांच्या आवाजामुळे पडलेले) चौकात म्हणाले, की या काट्यात एक चकती आहे, ती बाळांची वाढ शोषून घेते आणि त्याचा मलिदा नर्सताईंना मिळतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण बातमीला पाय फुटले. आगीशिवाय धूर निघतो का, असे गढूळ पाणी भरणारी माणसेसुद्धा म्हणू लागली. ताईंनी मला सर्वांसमोर उघडून दाखवले. आत फक्त स्प्रिंग निघाली. लोक म्हणाले, चकती आधीच काढली असणार.

आया येईनाशा झाल्या. समोर शिवणकाम करणारी एक आई आपल्या तान्ह्याला दर आठवड्याला आणायची. तीही पलीकडच्या कडेने जाऊ लागली. मला फार वाईट वाटले.

एका दुपारी मागच्या दाराने भोंगेकाका आले. कडेवर नात होती.

"जरा वजन बघता का, ताई? हिला जुलाब होतायत."

ताईंनी तिला झोळीत ठेवले. वजन घटले होते. औषध देऊन, पाणी उकळून पाजायला सांगून त्या म्हणाल्या, "हेच चौकात सांगाल का?"

"निवडणूक होऊ द्या," काका हळूच म्हणाले.

निवडणूक झाली. ताई हरल्या. त्यानंतर ती शिवणकाम करणारी आई धावत आली. बाळाने झोळीत पाय झाडले नाहीत. माझा काटा इतक्या कमी आकड्यावर थांबला, की मला लाज वाटली.

"कुणीच येत नव्हतं हो ताई, मग मी कशी येणार?" ती रडत म्हणाली.

ताई बाळाला घेऊन मोठ्या इस्पितळाकडे धावल्या. मला तोंड असते, तर सांगितले असते की एक नात आली होती, आणि ती आता बरी आहे.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, एवढेच मी पूर्वी मागितले असते. आता आणखी एक मागतो. कुणी तुम्हाला माझी भीती घातली, तर त्याने कोणता प्रश्न टाळला ते विचारा, आणि तो स्वतःच्या नातीला कुठे नेतो तेही बघा.

नळाला अजून गढूळच पाणी येते. बाळ अजून इस्पितळातच आहे. ताईंनी माझी झोळी धुऊन ठेवली आहे. बाळाने परत येऊन ती खुशाल ओली करावी.