बसने गेलेला दादा

त्या दिवशी पुलावर एवढा वारा होता की वायपर बटण न दाबता फिरत होते, आणि एक समुद्रपक्षी पुढे उडायच्या नादात आमच्या मागे पडत चालला होता. माझी बायको म्हणते, ह्यांच्या कुठल्याही गोष्टीला दोनाने भागायचं. खुशाल भागा. अर्धा वारासुद्धा पुरला असता.

पण आधी ट्रेलरचं सांगतो. कारच्या मागे हुकाला लावून ओढायची ती एक चाकांवरची खोली. मागच्या टोकाला पलंग, पुढच्या टोकाला छोटा ओटा, मध्ये उभं राहायला जागा, खाली दोनच चाकं. पुतणीकडे राहायला जायचं, म्हणून आम्ही तो जुना विकत घेतला. विकणाऱ्याने हुक लावता लावता बजावलं होतं, "काका, जड सामान चाकांच्या पुढं ठेवा. हुकावर भार पडला पाहिजे. शेपूट जड झालं की हा डुलायला लागतो. आणि डुलायला लागला तर ब्रेक मारू नका, नुसता पाय काढून घ्या. चालू असताना आत माणूस तर बसवूच नका."

हे ऐकायला शेजारी माझा थोरला भाऊ उभा होता. म्हणजे पुतणीचा बाप. दादाने जन्मभर तराजू दुरुस्त केले. ज्या दुकानात दादाचा हात लागला, तिथे म्हणे माशी बसली तरी पारडं खाली जायचं. त्याने विकणाऱ्याकडे दयेने पाहिलं आणि ट्रेलर स्वतः भरायला घेतला. भांडी इकडे, बॅगा तिकडे, पाण्याचे दोन मोठे कॅन पलंगापाशी. सगळं झाल्यावर ट्रेलर हुकावरून सोडवून त्याचं पुढचं टोक त्याने एका बोटाने उचलून दाखवलं.

"बघ. काटा मध्यावर. मी कधी झुकतं माप दिलं नाही, आता म्हातारपणी देणार आहे का?"

मी केस कापायचं दुकान चालवलेला माणूस. मी काय बोलणार? पण पुलाच्या अलीकडे पेट्रोल पंपावर दादा संडासला गेला, तेव्हा मी गुपचूप दोन्ही कॅन ओढून ओट्याखाली पुढे ठेवले. दादा आला, हुकावर दबलेलं टोक बघितलं आणि लालबुंद झाला.

"कुणी हात लावला?"

"दादा, तो माणूस रोज ट्रेलर विकतो."

"विकतो! ओढतो का? तू डोकी भादरत बस. तुम्ही व्हा पुढं, मी बसने येतो."

आणि तरातरा पंपामागच्या स्टॉपकडे निघून गेला. आम्ही थांबलो. मी आत जाऊन पाणी प्यायलो, बायकोने बिस्किटं घेतली. तेवढ्यात बस आली आणि गेली. स्टॉपवर कुणी उरलं नव्हतं.

"गेले भाऊजी," बायको म्हणाली. "चला. पोहोचेपर्यंत उतरेल त्यांचा पारा."

झाडं होती तोवर वारा नुसता ऐकू येत होता. झाडं संपली आणि पूल सुरू झाला, तसा तो अंगावर आला. पुलाच्या तोंडाशी वारा दाखवणारी कापडी पिशवी काठीला लावलेली होती. ती इतकी ताठ होती की तिच्यावर पँट वाळत घालता आली असती. मी वेग कमी केला. मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही, थांबायला बाजूपट्टी नाही. दोन्ही अंगांना कमरेएवढा कठडा आणि खाली पांढरं फेसाळलेलं पाणी.

आधी स्टीअरिंग हलकं झालं. वाईट प्रकारे हलकं. कारचं मागचं अंग कुणी काखेत धरून उचलावं तसं. मग मागून कुणीतरी आम्हाला डावीकडे ओढलं, सोडलं, उजवीकडे ओढलं.

"अहो, हे काय करताय?"

"मी काही करत नाहीये!"

तेच भयंकर होतं. मी काही करतच नव्हतो. माझ्या तळव्यांना इतका घाम सुटला की स्टीअरिंग हातातून सरकायला लागलं. कॅन तर मी पुढे ठेवले होते. मग शेपूट जड कशाने?

मी आरशात पाहिलं. ट्रेलरच्या पुढच्या खिडकीतून आरपार दिसत होतं. पडदा हलला, आणि मागच्या पलंगावर पांघरूण गुंडाळून बसलेला एक डोंगर दिसला. त्याच्या एका बाजूला एक कॅन, दुसऱ्या बाजूला दुसरा.

मी नुसतं आरशाकडे बोट केलं. बायकोने मागे वळून पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि फोन लावला. स्पीकरवर.

"भाऊजी, कुठं आहात?"

"बसमध्ये."

"जागा मिळाली का?"

"मिळाली. पण ड्रायव्हर अगदी नालायक आहे. नुसता झोकांड्या खातोय."

"बसमध्ये आमचं पांघरूण कसं हो मिळालं?"

एवढ्यात उजवीकडून एक कंटेनर आम्हाला ओलांडून पुढे निघाला. आधी त्याने आम्हाला कठड्याकडे ढकललं, मग पुढे जाताना स्वतःकडे ओढून घेतलं. ट्रेलर सापाच्या शेपटासारखा फिरला. फोनमधून भांडी कोसळल्याचा आवाज आला आणि आरशात मी पाहिलं, ट्रेलर एका अंगावर कलला होता. एक चाक रस्त्यावर, दुसरं हवेत. बायको म्हणते, वीतभर. मी म्हणतो, त्याखालून मांजर गेलं असतं, शेपूट वर करून.

माझा पाय ब्रेककडे गेला. बायकोने माझा गुडघा गच्च धरला. "ब्रेक नको! पाय काढा नुसता!"

पाय काढला. चाक टेकलं. पण डुलणं थांबेना. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होता आणि प्रत्येक हेलकाव्याला कठडा जवळ येत होता. त्या पत्र्याच्या डब्यात माझा भाऊ होता, आणि डब्याला धरून ठेवायला एक हूक आणि एक साखळी.

"भाऊजी, कॅन घेऊन पुढं या! ओट्यापाशी!"

"अगं, काटा मध्यावर आहे. मी बघितलाय. हा वाऱ्याचा—"

"दादा," मी म्हणालो. "दादा, मला भीती वाटतेय."

हे मी त्याला कधी म्हणालो नव्हतो. त्याने पोहायला शिकवतो म्हणून मला विहिरीत ढकललं होतं, तेव्हाही नाही.

फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. मग दादा म्हणाला, "किती पुढं?"

"जाता येईल तेवढं."

फोन कुठेतरी पडला. खरवडल्याचा आवाज. धप्प. पुन्हा खरवडणं, कण्हणं, पुन्हा धप्प. आरशातला पलंग रिकामा झाला, पण दादा कुठेच दिसेना. मी स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं, वळवायचा मोह आवरून. मग कारचं मागचं अंग खाली बसलं, गिऱ्हाईक खुर्चीत बसावं तसं. हेलकावा आला, पण आधीपेक्षा लहान. पुढचा आणखी लहान. पूल संपेपर्यंत आम्ही इतके हळू चाललो की तो पक्षीसुद्धा आम्हाला गाठून पुढे गेला.

पुलापलीकडे एका गोदामाच्या आडोशाला मी गाडी लावली. बायको फोनवर ओरडत होती, "भाऊजी! ओ भाऊजी!" उत्तर नाही.

मी उतरलो. ट्रेलरच्या दारापर्यंत गेलो. कडीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. जोवर दार उघडत नाही, तोवर आत दादा धडधाकट होता. आत काहीतरी टपटप गळत होतं. ते पाणी आहे असं मी स्वतःला सांगत होतो.

शेवटी बायकोने माझ्या हातावर हात ठेवून कडी ओढली.

पाणीच होतं. एक कॅन फुटला होता. दादा अगदी पुढच्या टोकाला, ओट्याखाली अंग दुमडून, दुसरा कॅन पोटाशी धरून पडला होता. कपाळावर टेंगूळ, भिंतीला गाल दाबलेला, डोळे घट्ट मिटलेले.

"दादा?"

त्याने डोळे उघडले नाहीत.

"अजून पुढं सरकू का?" त्याने विचारलं.