चार ते साडेचार

कॉलेजच्या प्रयोगशाळेमागे, पूर्वी जिथे मोडकी बाकं टाकत त्या खोलीत, मुलांचं रेडिओ केंद्र होतं. त्याचा आवाज टेकडीपलीकडे जात नसे. पण अलीकडच्या घरांत तो आवर्जून ऐकला जाई, कारण पाणी कधी येणार, कोणाचं कुत्रं हरवलं आणि दवाखान्यात आज डॉक्टर आहेत की नाहीत, हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. चार ते साडेचार ही वेळ मुकीची. वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नसे म्हणून हे नाव पडलं होतं. पण लाल दिवा लागला की ती स्वच्छ, न अडखळता बोलायची.

ती बोलायची ते आईसाठी. गेल्या दोन वर्षांत आईची दृष्टी गेली होती आणि आता ती माणसं आवाजावरून ओळखे. घरात दोघीच. "तुझा आवाज कानावर पडला की डोळ्यांचं काही वाटत नाही," असं आई म्हणे.

एके संध्याकाळी आई म्हणाली, "नवे बूट चावतायत ना? बघू, फोड आलाय का."

मुकी चपापली. हे ती केंद्रात गाणं चालू असताना स्वतःशीच पुटपुटली होती. दुसऱ्या दिवशी तिने यंत्रं सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं. ही पटकन भडकायची, म्हणून सगळे तिला फ्यूज म्हणत.

"गाणं लावलं की माइक बंद करायला ही पट्टी खाली ओढायची असते, बाईसाहेब! नवीन असताना सगळेच विसरतात. नशीब समज, सरांची नक्कल केली नाहीस."

मुकीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिने पट्टी खाली ओढली, दोनदा तपासली आणि गाणं संपेपर्यंत तोंड घट्ट मिटून बसली. मनात मात्र एक विचार येऊन गेला: आई नसती, तर मी कधीच मोठ्या शहरात शिकायला गेले असते.

घरी दिवा न लावता आई बसली होती. "जायचं होतं तर सांगायचं ना गं," ती म्हणाली. "मी काय अडवलं असतं?"

केंद्रावर रोजच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवत. मुकीने फ्यूजला त्या दिवशीचं लावायला सांगितलं. फ्यूजने कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं. "नुसतं गाणं आहे. कान तपासून घे."

मग मुकीला विचार करायचीही भीती वाटू लागली. घरी ती हो-नाहीपुरतीच बोले, तेही खालच्या आवाजात. आई मात्र दिवसेंदिवस खुलत चालली होती.

"रेडिओवर किती मोकळं बोलतेस आणि घरी ही अशी घुमी! आज तर तुझे बाबा गेले तेव्हा मी कोणती साडी नेसले होते, तेही सांगितलंस. मी कधी कोणाला बोलले नव्हते. तू तर तेव्हा पोटात होतीस."

परीक्षा आल्या. फ्यूजने मुख्य बटण बंद केलं आणि खोलीला कुलूप घातलं. त्या दिवशी चार वाजता मुकी आईशेजारी येऊन बसली.

"आई, आज केंद्र बंद आहे."

आईने रेडिओ लावला.

"नमस्कार. चार वाजले आहेत," मुकीच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, आणि पुढे बोलत राहिलं, मुकीला कधी जमलं नसतं इतकं मायेनं, इतकं निवांत.

"आई, मी इथे आहे!" मुकी ओरडली. घसा असा बसला होता, की तिला स्वतःलाच तो आवाज ओळखू आला नाही.

आईने मान वळवली. "कोण आहे? अहो, जरा हळू. माझी मुलगी बोलतेय."

मुकीने तिचा हात धरला. आईने तो अगदी सभ्यपणे सोडवून घेतला, जसा परक्या बाईच्या हातातून घ्यावा.

"काही काम होतं का तुमचं? थांबा हवं तर. साडेचारला संपतं तिचं. येईलच मग, केंद्र जवळच आहे."

साडेचार वाजेपर्यंत मुकी तिथेच बसून राहिली. त्या आवाजाने सगळ्यांचा निरोप घेतला, तेव्हा आई हसतच उठली, भिंत चाचपत दाराशी गेली आणि तिने कडी काढून ठेवली.