चौऱ्याण्णव सालचं बदक

मानवजातीचा सांस्कृतिक वारसा वाचवण्याचं काम कोणाला तरी करावंच लागतं, आणि आदिलाबादमध्ये ते गोपाळरावांकडे आलं होतं. हा वारसा म्हणजे एक बदक होतं. ते छत्री उघडून ढगांवरून उड्या मारायचं, मुळे गोळा करायचं आणि बहुधा तिसऱ्या पुलावरून खाली पडून मरायचं.

"अहो, ऐकून राह्यले ना?" वनमालाबाई दारात चपला चढवत म्हणाल्या. "आज शेवटचा दिवस आहे. पाच वाजेपर्यंतच."

"माहीत आहे न." गोपाळरावांची नजर पडद्यावरच होती.

"एकच शाळा टाकायची, पहिल्या नंबरवर. राहीबाईंच्या जागेची. दुसरं काही टाकू नका. ओटीपी माझ्या फोनवर येईल, आला की मी लगेच सांगते."

"वनमाला, तीस वर्षं मी कॉम्प्युटर शिकवला. मला बदलीचा ऑप्शन भरणं शिकवून राह्यली का तू?"

"शिकवत नाही. नसेल जमत तर चौकातल्या इंटरनेटवाल्याकडून करून घेते म्हणलं. ती ज्युनियर टीचर आहे न, प्रीती, ती तिथूनच करणार आहे."

आता मात्र गोपाळराव खुर्चीसकट वळले. "मी घरात असताना तू त्या चौकात रांगेत उभी राहशील? लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणणार नव्हते. गोपाळरावांना कॉम्प्युटर येतो ही गोष्ट गावाला माहीत होती, पण गावाने ती फारशी मनावर घेतली नव्हती.

"मग मोबाइलवर मीच—"

"मोबाइलवर भलतीकडं बोट लागते. उटनूरच्या पलीकडची शाळा मिळाली तर मग रडू नको."

वनमालाबाईंनी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या बसस्टँडकडे निघाल्या. अकरा वर्षं त्या बाजारहत्नूरकडच्या शाळेत शिकवायला जात होत्या. इचोड्यापर्यंत बस, पुढे माणसं कोंबलेली ऑटो. बायकांना बस फुकट झाल्यापासून तिकीट वाचत होतं आणि जागा मिळत नव्हती, त्यामुळे गुडघा उभ्याने जायचा आणि उभ्याने यायचा. राहीबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामी झाली. ती मराठी शाळा गोपाळरावांच्या घरामागच्याच गल्लीत होती. शाळेची घंटा यांच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. सेवाज्येष्ठतेत वनमालाबाई सगळ्यांच्या वर होत्या. त्यांनी नुसतं ते नाव निवडलं असतं, तरी जागा त्यांचीच होती. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, आणि सरकार बदल्या काढतं ते सरकारला वाटेल तेव्हा.

गोपाळराव एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्याने हे पद त्यांच्याकडून कोणी हिसकावून घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर वापरायला वेळ मिळाला, आणि त्यांना बदक भेटलं.

झालं होतं असं, की जपानमध्ये कुणीतरी भंगारातून एक जुनी डिस्क विकत घेतली. तिच्यात टीव्हीला जोडून खेळायच्या एका व्हिडिओ गेमचा सोर्स कोड निघाला. म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मूळ मजकूर. गेम १९९४ सालचा. त्या सालीही तो फारसं कोणी खेळलं नव्हतं. पण गोपाळरावांसकट जगातल्या अकरा पुरुषांनी मिळून एक गट काढला. देश वेगवेगळे होते, रिकामपण एकसारखं होतं. गटाचा संकल्प असा, की हा कोड पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे त्याचा चालता गेम बनवायचा, आणि त्यातून निघालेली फाइल जुन्या कॅसेटमधल्या फाइलशी बाइट न् बाइट जुळवायची. चार महिन्यांत सगळं जुळलं. फक्त मूठभर बाइट हट्टाला पेटले होते.

गोपाळरावांना आदल्या दिवशी आंघोळ करताना कळलं होतं, की कंपाइल करताना प्रोग्रॅम त्या दिवसाची तारीख घेतो आणि कसल्याशा आकडेमोडीत पिळून फाइलमध्ये घालतो. म्हणजे मूळ कॅसेट ज्या तारखेला तयार झाली, तीच तारीख कॉम्प्युटरला दाखवायला हवी. ती कोणती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचं घड्याळ १९९४ च्या पहिल्या जानेवारीवर नेऊन ठेवलं. कंपाइल केलं, जुळलं नाही. दोन जानेवारी. कंपाइल केलं, जुळलं नाही. हे काम कॉम्प्युटरलाच सांगून आपल्याला झोपता आलं असतं. पण ते सुचायला तीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलेला नसावा लागतो.

फेब्रुवारीत त्यांना बदलीची आठवण झाली. त्यांनी वेबसाइट उघडली. पडद्यावर वेबसाइटऐवजी एक सूचना आली. तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे, असं ती सूचना स्वच्छ इंग्रजीत आणि मोठ्या अक्षरांत सांगत होती. पण सूचना वाचायच्या त्या अडाण्यांनी. गोपाळरावांनी तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली आणि फोन उचलला.

"सर्वर डाऊन आहे," ते म्हणाले.

"बरं," पलीकडून वनमालाबाई म्हणाल्या. त्यांच्यामागे पोरं नऊचा पाढा ओरडत होती. "फोन हातातच घेऊन बसली मी. ओटीपी येईल तेव्हा येईल."

या जिल्ह्यात सर्वर डाऊन आहे म्हटल्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. देवळाचं दार बंद दिसावं तसं माणूस हात जोडतो आणि परत जातो.

मे महिन्यात, म्हणजे दुपारच्या चहाला, सुधाकरराव आले. हे गोपाळरावांचे शेजारी. तहसील कचेरीत आयुष्यभर पहाणीच्या, म्हणजे इकडच्या सातबाऱ्याच्या, नकला काढून निवृत्त झालेले.

"हे काय करून राह्यले बाप्पा?"

"जुन्या गेमचा कोड सापडला, तो कंपाइल करून राह्यलो."

"मंग नवीन गेम निघेल त्यातून?"

"नवीन नाही. तोच निघेल. एक बाइट जरी वेगळा निघाला तरी मेहनत पाण्यात."

सुधाकररावांना हा विषय आपल्या खात्यातला वाटला. "म्हणजे नक्कल."

"नक्कल नाही हो. पुनर्निर्मिती."

"मंग अस्सल कुठं गहाळ झालं?"

"गहाळ काऊन होईल? नेटवर पडून आहे. कोणीबी उतरवून घेते."

"फुकट?"

"फुकट."

सुधाकररावांनी बशीतला चहा संपवला. "आमच्या कचेरीत अस्सल शाबूत असलं तर नक्कल दरखास्त आल्याशिवाय निघत नव्हती," ते म्हणाले. "कोणीतरी मागितली पाह्यजे."

गोपाळरावांना त्यांची कीव आली. अशाच माणसांमुळे देश मागे राहतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी जून महिना सुरू केला.

वनमालाबाईंचे दोन फोन येऊन गेले. एकदा जुलैत, एकदा ऑगस्टात. दोन्ही वेळा गोपाळरावांनी वेबसाइट उघडली, दोन्ही वेळा तीच सूचना आली, दोन्ही वेळा तिची फुली दाबली गेली. दुसऱ्या वेळी वनमालाबाई म्हणाल्या, "प्रीतीचं दुपारीच झालं म्हणते ती. पाच मिनिटं लागले म्हणे. तिनंबी राहीबाईंचीच जागा टाकली, पण म्हणते, मेडम, तुमी असल्यावर मला कुठं मिळते."

"तिचा नंबर लागला असेल मधात. सर्वरचं असंच असते. मोबाइलवर बिलकुल करू नको हां तू."

त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर इंटरनेट धडधडीत चालू होतं. त्यावर ते गटाला कळवत होते की सप्टेंबर गेला.

ऑक्टोबरातल्या एका तारखेला फाइल जुळली.

गोपाळराव उभे राहिले. मग बसले, पुन्हा तपासलं, पुन्हा उभे राहिले. "सुधाकरराव! या, या! जुळलं!" सुधाकरराव ओसरीवर पेपर घेऊन पेंगत होते. ते उठून आत आले आणि त्यांनी पडद्यावरचं बदक पाहिलं. बदकाने छत्री उघडली, दोन ढग ओलांडले आणि ते तिसऱ्या पुलावरून पडलं.

"मेलं," सुधाकरराव म्हणाले.

"अगदी तसंच! मूळ गेममध्येबी असंच मरते!" गोपाळरावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी गटाला मोबाइलवरून चार ओळी लिहिल्या. इतिहास हा शब्द त्यांत दोनदा आला. मग त्यांनी समाधानाने कॉम्प्युटरचं घड्याळ आजच्या तारखेवर आणलं आणि आता निवांत बदलीचं बघू म्हणून वेबसाइट उघडली.

ती पटकन उघडली. लोणी कापावं तशी. तिच्यावर लाल पट्टीत लिहिलं होतं, की पर्याय नोंदवण्याची मुदत पाच वाजता संपली आहे.

गोपाळराव पट्टीकडे बघत बसले. या वेळी त्यांनी प्रत्येक अक्षर वाचलं. मग दिवसभर फुली दाबून बंद केलेली ती सूचना त्यांना आठवली, आणि ती काय सांगत होती हेही उमगलं. पुढच्या मिनिटाला त्यांनी ठरवून टाकलं, की सर्वर दिवसभर डाऊनच होता. हा निर्णय घेताना त्यांना काही जड गेलं नाही.

वनमालाबाई आल्या तेव्हा फोन अजून त्यांच्या मुठीत होता. पिशवी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "काय झालं? ओटीपी आलाच नाही."

"काय सांगू. शेवटपर्यंत हललाच नाही सर्वर. सरकारी कारभार. अर्ज देऊ आपण, मी लिहून देतो."

सुधाकरराव ओसरीवरून आत आले. त्यांना शेजारधर्म म्हणून मित्राचं कौतुक करायचं होतं.

"वहिनी, आज तुमच्या घरी मोठं काम झालं बरं! यांनी सकाळपासून कॉम्प्युटरचं घड्याळ मागं नेऊन ठेवलं होतं. चौऱ्याण्णव साल! एकेक तारीख फिरवत फिरवत—"

"सकाळपासून?"

"हो तर. मी आलो तेव्हा मे चालू होता."

वनमालाबाईंनी पिशवी खाली ठेवली. टेबलावरचा कॉम्प्युटर पाहिला, नवरा पाहिला. नवऱ्याने सुधाकररावांकडे पाहिलं.

"चौऱ्याण्णव साली मी नोकरीतच नव्हते," त्या म्हणाल्या. "मंग बदली कोणाची होईल."

सुधाकरराव हसले, अर्ध्यात थांबले आणि दूध आणायचं राहिलं म्हणून निघून गेले.

"वनमाला, त्या सूचनेत सरळ काही लिहिलेलंच—" गोपाळराव म्हणाले. मग वाक्य वळवून म्हणाले, "हे बघ तरी. चार महिने जे कोणाला जमलं नाही ते मी केलं." त्यांनी कळ दाबली. बदक उडालं.

वनमालाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. "हे आधी चालत नव्हतं का?"

"चालत होतं. पण हे आपण बनवलं."

"मंग यात वेगळं काय आहे?"

"काहीच नाही! तेच तर आहे न!"

त्यांनी मान हलवली, वर्गात चुकीचं उत्तर ऐकून घेतात तशी. मग मोरीवर जाऊन डबा घासला, धुऊन पालथा घातला आणि गुडघ्याला तेल लावत बसल्या. सकाळची बस चुकू नये म्हणून त्यांनी त्या दिवशी लवकर दिवा मालवला.

यादी लागली. राहीबाईंची जागा प्रीतीला मिळाली. ती पेढे घेऊन आली. "मेडम, तुमी टाकलंच नाही काऊन? मला तर खरंच वाटून नाही राह्यलं."

"राहून गेलं," वनमालाबाई म्हणाल्या. "मागच्या गल्लीतून जाजो, जवळ पडते. पावसात तिथं चिखल होतो तेवढा."

गोपाळरावांनी दोन पेढे खाल्ले. त्यांच्या चार ओळींना गटातल्या दहाही जणांनी अंगठे दाखवले होते. पुढच्या आठवड्यात जपानमध्ये दुसरी डिस्क सापडली, तिच्यात एक कासव होतं, आणि सगळे तिकडे गेले.

बदल्या पुन्हा निघाल्या तेव्हा वनमालाबाईंना निवृत्त होऊन चार महिने झाले होते.