वाटीएवढा खड्डा

मैदानावर सगळेच त्याला मामा म्हणत. खरा हक्क मात्र एकट्या टाचणीचा, कारण तो सख्ख्या बहिणीचा मुलगा. टाचणी हे नावही मामानंच पाडलेलं. लहानपणापासून हे पोरगं चेंडू टाकायला धावत आलं की पाय दर वेळी त्याच बोटभर जागेत पडायचा. गोलंदाजांच्या पायांनी पडलेले खड्डे ओल्या मातीनं भरायचे आणि धुम्मसानं ठोकायचे, यात मामाची हयात गेली. बाकीच्यांचा खड्डा परातीएवढा, भाच्याचा वाटीएवढा. "तुझ्यामुळे माझी माती वाचते," असं तो कौतुकानं म्हणायचा.

पुढं टाचणी देशाकडून खेळला. मोठाली माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढू लागली. त्यातल्याच एकानं कानात सांगितलं, अमुक षटकात दोनदा रेघ ओलांड, कुणाचं काही बिघडत नाही. अशा हातात महागडं घड्याळ असतं, बेडी कधी नसते.

याच मैदानावर त्यानं दोन नो-बॉल टाकले आणि बोभाटा झाला. चौकशी समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. त्याआधी, दुपारी, टाचणी आला. मामा खेळपट्टीवर उकिडवा बसला होता.

"मामा, उद्या तुला विचारतील."

"विचारू देत."

"पाणी जास्त झालं होतं म्हण. जमीन भुसभुशीत, म्हणून माझा पाय घसरला."

"म्हणजे माती माझी वाईट."

"तू पुढच्या वर्षी रिटायरच होतोयस. माझं सगळं जातंय. आईपण म्हणाली, मामा नाही म्हणणार नाही."

मामानं त्याला मनगटाला धरून खाली बसवलं. "घसरलेला पाय माती ओढत नेतो, त्याला शेपूट येतं. हे बघ. रेघेच्या पुढं वीतभर, दोन्ही ठसे एकावर एक. बुटाचे खिळे त्याच भोकांत. गाढवा, चुकतानासुद्धा चुकला नाहीस."

टाचणी ठशांवर वाकला. "मग भरून टाक ना. आजवर भरतच आलास."

मामा उठला, कोपऱ्यातलं घमेलं आणलं आणि खड्ड्यावर पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं समितीसमोर ते उचललं. साहेबांनी टेपनं मोजलं, फोटो घेतले.

"तुम्ही त्याचे सख्खे मामा ना?" एकानं विचारलं.

"म्हणून तर पाय ओळखतो. पाय मोजून झाला, आता तो खांद्यावरचा हात कुणाचा होता ते विचारा."

"ते आमच्या अखत्यारीत येत नाही," साहेब म्हणाले आणि टेप गुंडाळली. निकाल लागेपर्यंत जागा तशीच ठेवा म्हणाले.

आठवड्यात निकाल लागला. टाचणीला जन्मभराची बंदी, कुठल्याच मैदानात पाऊल ठेवायचं नाही. पुढच्या मालिकेचा करंडक घड्याळवाल्यानंच दिला. त्याचं नाव ओठावर आणायची एकाही मर्दाची छाती झाली नाही. बहिणीनं मामाचा फोन घेणं सोडलं.

मामा खड्डा भरत होता तेव्हा तारेच्या कुंपणापलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. पायात साध्या चपला. मामानं माती घातली, तांब्या कलता केला.

"पाणी बेतानं घाल," टाचणी बाहेरून म्हणाला. "नाहीतर पाय घसरतात लोकांचे."

मामा हसला नाही. त्यानं चार ठोके घातले, हाताच्या पंज्यानं माती सारखी केली.

"ताई जेवते का वेळेवर?" त्यानं मान वर न करताच विचारलं.