चार मापांचं बंडल

घाऊक कपड्यांच्या त्या गल्लीत एक नियम होता, आणि खुद्द देव गिऱ्हाईक म्हणून आला असता तरी त्याला तोच ऐकवला असता: बंडल फुटत नाही. एका बंडलात एकाच कपड्याचे चार नग. छोटा, मधला, मोठा आणि जम्बो. चारही घ्या, भाव बाहेरच्या निम्मा. एकच हवा असेल तर रस्ता मोकळा आहे, या.

आता चार मापांच्या चार बायका एका घरात कुठून आणायच्या? पण या घरात होत्या. धाकटी म्हणजे नुसती काडी, वहिनी मधल्या मापाची, ताई अंगाने भरलेली, आणि जम्बो म्हणजे आपली ढब्बू. रांगत होती तेव्हा चिकटलेलं नाव चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा बिचारीला या नणंदेला काय म्हणावं कळेना. शेवटी मान राखून ती 'ढब्बूताई' म्हणायला लागली, ते आजतागायत.

दरवर्षी या चौघी एक बंडल घ्यायच्या आणि भाव करायची ढब्बू. तिची पद्धत सरळ होती. भाव ऐकायचा, "अगंबाई!" म्हणायचं आणि दुकानाच्या दारातल्या गठ्ठ्यांवर बसून राहायचं. मग घरी आलेल्या पाहुण्यासारखी निवांत चौकशी. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत, मुलीचा अभ्यास काय म्हणतो. दार अरुंद, त्यात हे एवढं धूड. नवं गिऱ्हाईक आत येणार कुठून? दुकानदार घाम पुसत पुसत भावात खाली यायचा आणि ढब्बू वर उठायची.

यंदा मात्र ढब्बू निघाली ती अंगात दोन स्वेटर चढवून, वर जुना कोट घालून आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळून. थंडी काही एवढी नव्हती. पोटात गाठ निघाली होती, सोमवारी ऑपरेशन होतं, आणि डॉक्टर "काढल्यावर कळेल" याच्या पुढे एक शब्द बोलत नव्हते. अंग असं उतरलं होतं की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. हे ठाऊक होतं फक्त नवऱ्याला.

बहिणींना का नाही सांगितलं? रडतील म्हणून नव्हे. रडल्या तर रडोत, रडून मोकळ्या होतील. पण नवऱ्याचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. पूर्वी टॉवेल पलंगावर टाकला म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस आता दार लोटतानासुद्धा आवाज करत नव्हता. भाजीत मीठ विसरलं तर गुपचूप खात होता. एकदा सांगितलं की बहिणीही तशाच होणार, आणि मग तिला ढब्बू कोण म्हणणार? निदान हा एक दिवस तिला जुनाच हवा होता. सोमवारनंतरचं सोमवारनंतर.

दुकानात कोट पसंत पडला. गडद निळा, आत पिवळं अस्तर, खिसे असे की घरच्या किल्ल्या, चष्मा आणि अर्धा संसार मावावा. दुकानदाराने भाव सांगितला. चढाच सांगितला, कारण ढब्बू तो उतरवणार हे त्यालाही माहीत होतं. मग त्याने सवयीने तिच्यासाठी दारातल्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकली.

"ठीक आहे," ढब्बू म्हणाली. "बांधा."

उकाड्याने तिचा जीव घाबरा झाला होता. लवकर बाहेर पडायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दुकानदाराचा झटकणारा हात हवेत राहिला. "ठीक आहे? बाई, तब्येत बरी आहे ना?" तो हसत म्हणाला. धाकटीही हसली. ताई हसली नाही. ताईच्या नजरेतून लहानपणी साखरेचा डबासुद्धा सुटत नसे.

"घालून बघ आधी," ताई म्हणाली.

"जम्बोच तर आहे. बघायचं काय त्यात?"

"घालून बघ म्हणते ना. आणि तो जुना कोट, स्वेटर काढ, माप कसं कळणार?"

मफलर, जुना कोट, स्वेटर निघाला. आत दुसरा. "अगं, माणूस आहेस की कांदा?" धाकटी खिदळली. "सोलतोय आपलं!" ताईने दुसराही काढायला लावला, आणि निळा कोट स्वतःच्या हाताने ढब्बूच्या खांद्यावर चढवला. मागून तिने सैल कापड मुठीत धरलं. मूठ भरली तरी कापड उरलंच. धाकटीचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"कधीपासून?" ताईने विचारलं.

आता लपवायला उरलं काय होतं? "पोटात गाठ आहे," ढब्बू म्हणाली. "सोमवारी काढणार आहेत. त्याच्या पुढचं डॉक्टरांनाही माहीत नाही, मला काय विचारता?"

धाकटीने तोंडावर हात दाबला. वहिनी पुढे झाली. "अहो ढब्..." ती मधेच थांबली, आणि अगदी हळू म्हणाली, "अहो ताई, तुम्ही बसा ना. पाणी आणू?"

झालं! हेच तर तिला नको होतं. इतक्या वर्षांचं नाव अर्ध्यावर तुटलं, आणि दोन स्वेटर काढल्यापासून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती.

ताई दुकानदाराकडे वळली. "हा जम्बो ठेवा, आणि मधल्या मापाचा आणखी एक द्या."

दुकानदाराने एकवार ढब्बूकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो शेजारच्या नव्या बंडलाची दोरी सोडायला लागला. "देतो," तो पुटपुटला. "त्यात काय एवढं."

ती दोरी सुटताना पाहिली आणि ढब्बूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देवासाठी न फुटणारं बंडल हा माणूस तिच्यासाठी फोडायला निघाला होता! म्हणजे यानेही तिला गेल्यातच जमा धरलं होतं की काय?

"खबरदार दोरीला हात लावाल तर!" ती कडाडली. दुकानदार दचकलाच. "बंडल फुटत नाही म्हणजे नाही. जम्बो माझा आहे. मीच घालणार."

ढब्बूने ताईकडे पाहिलं. तू तरी बदलू नकोस, असं ती तोंडाने म्हणाली नाही, पण ताईला ते कळलं. ताईने नाक ओढलं, कंबरेवर हात ठेवले.

"आणि पुढच्या वर्षीही असाच लोंबला तर?"

"तर तू घाल."

"मी? मी काय हत्तीण आहे?" ताईचा आवाज फाटला, पण तिने वाक्य सोडलं नाही. "तुझं धूड तूच भर, ढब्बे. खा, पी आणि भर. पुढच्या वर्षी याची बटणं तटतटून तुटली नाहीत ना, तर गाठ माझ्याशी आहे."

ढब्बूच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ती हसत होती. निळ्या कोटाच्या लांबलचक बाहीनेच तिने तोंड पुसलं, आणि दारातल्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली.

पूर्वी ती बसली की दार भरायचं. आता दोन्ही बाजूंनी माणसं सहज आत येऊ शकत होती. एक बाई आलीसुद्धा. ताईने ते पाहिलं आणि ढब्बूच्या उजव्या हाताला जाऊन फतकल मारली. धाकटी डोळे पुसत डावीकडे बसली. तरी वीतभर फट उरलीच.

वहिनी क्षणभर उभी राहिली. मग पिशवी काखेत मारून ती त्या फटीत शिरली. "अहो ढब्बूताई," ती म्हणाली, "सरका जरा तिकडे. सगळी जागा तुम्हालाच का?"

"बायांनो, गिऱ्हाईक अडलंय बाहेर," दुकानदार कळवळून म्हणाला.

"अडू दे की," ढब्बूने कोटाची बाही दुमडली. "हं, आता सांगा. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत? आणि मघाशी भाव काय म्हणालात?"