जोडकार्डावरचं ‘ठीक’

डॉक्टर महिपत सुर्व्यांच्या नावावर बारा शोधनिबंध होते आणि बाराही त्यांना तोंडपाठ होते. सगळे मूत्रपिंड बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरचे. बारावा तर विलायतेच्या मासिकात आलेला. आईने मूत्रपिंड दिलेले दहा रुग्ण, तीन वर्षं झाली, दहाच्या दहा ठणठणीत! पुढच्या सोमवारी मुंबईत प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि या बाराव्याच्या जोरावर आपण ती मारणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीला ते रत्नागिरीत घरी आले. मनात आलं, चौथ्या नंबरच्या रुग्णाला निबंध दाखवावा, बरोबर एक फोटो काढावा. चौथा नंबर म्हणजे मिरकरवाड्याचा केरू. बाकीचे नऊ जण तपासणीला मुंबईला यायचे. केरूला मासेमारी सोडून जमायचं नाही, म्हणून डॉक्टर दर सहा महिन्यांनी त्याच्या घरी जोडकार्ड धाडत. ‘प्रकृती कशी आहे?’ उत्तराच्या अर्ध्या कार्डावर यायचं, ‘ठीक.’ झाली तपासणी! एवढा विद्वान माणूस, पण याबाबतीत त्याने आळसच केला होता.

केरूची आई धोंडूबाई दारात सुके बोंबील निवडत बसली होती. मूत्रपिंड तिनेच दिलेलं. डॉक्टरांनी हसत विचारलं, “केरू समुद्रावर गेलाय का?”

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. “डाक्टरानू, केरू गेल्या सालच्या शिमग्यातच वारला ना. चार दिवसांचा ताप. तुमाला कार्ड टाकलं व्हतं, तुमच्या आप्पांच्या पत्त्यावर.”

कार्डाचं काय झालं, हे आप्पांना विचारायची गरजच नव्हती. मरणाची खबर आणणारं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं, हा वडिलांचा जन्माचा नेम. त्यात मुलगा त्या शिमग्यात परिषदेसाठी परदेशी निघालेला. निघताना अशुभ नको, मागाहून सांगू, असं म्हणाले असतील आणि विसरले असतील.

“मग त्यानंतर तीन कार्डांवर ‘ठीक’ कोणी लिहिलं?” डॉक्टरांचा आवाज चढलाच.

“माझ्या नातीनं, हौसानं. मीच सांगितलं.” धोंडूबाई गोंधळली. “केरू गेल्याचं तुमाला ठावं हाय, तरी कार्ड येतंय. म्हटलं, आता माझी इचारपूस करतायत. टाके माझ्यापन कुशीत घातलेत ना तुमी?”

डॉक्टर ओट्यावर बसले. बारा निबंधांत देणाऱ्या आयांबद्दल एकच ओळ होती, दर वेळी आधीच्या निबंधातून उचललेली. ‘दात्यांची काही तक्रार नाही.’ विचारलं होतं कोणी त्यांना? डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली. तरी मन निर्लज्जपणे सुचवत होतंच की मुलाखत होऊन जाऊ दे, मासिकाला मग कळवू.

“आणि तुम्ही खरंच ठीक आहात?”

“ठीकच. पाय तेवढे जड होतात.”

डॉक्टर खाली वाकले. तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून त्यांनी उचलला. खळगा पडला, तो काही केल्या भरेना. उरलेलं एकुलतं मूत्रपिंडही कुरकुरत असणार.

“कधीपासून आहे ही सूज?”

“वरीस झालं आसंल.”

डॉक्टरांनी पिशवीतून निबंध काढला. त्यातलं ‘दहाच्या दहा’ खोडलं, आणि मागच्या कोऱ्या पानावर मासिकाला पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत केरूचं मरण लिहिलं, दुसरीत धोंडूबाईची सूज. सोमवारी आता मुलाखतीत काय होईल ते त्यांना ठाऊक होतं.

“उद्याच्या गाडीनं माझ्याबरोबर मुंबईला चला,” ते म्हणाले. “पण कार्डावर हे का नाही लिहिलंत?”

धोंडूबाईने लुगडं ओढून पाय झाकले.

“केरू गेल्यापासून मला कशी हाय म्हनून कोन इचारतंय? तुमचं कार्ड तेवढं येतंय. तक्रार लिवली आनि तुमी तेपन बंद केलंत, तर?”