ब्रेक उलटे

मी डोंगरात चालवायची सायकल आहे आणि मला उताराची भीती वाटते. हसायचं तर हसा. माझ्या रांगेतल्या सगळ्याजणी हसतात. जाड टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, आणि उतार दिसला की पाचावर धारण. पण माझ्यावर काय गुदरलं ते एकदा ऐकून घ्या, मग बोला.

जन्मापासून मी अशी नव्हते. कारखान्यात माझी फ्रेम जोडली, निळा रंग दिला, खोक्यात घातलं, आणि मी थेट डोंगराच्या पायथ्याशी एका भाड्याच्या दुकानात येऊन पोचले. दुकान मालकीणबाईंचं. ते त्यांच्या वडिलांनी काढलेलं, त्यामुळे चाक सरळ करणं, केबल बदलणं हे सगळं त्या परकर-पोलक्यात असल्यापासून शिकलेल्या. दुरुस्तीचं काम आता त्यांचे यजमान बघतात. त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. बाईसुद्धा, रागात असल्या की.

सुट्टीवर आलेली माणसं आम्हाला दिवसभरासाठी नेतात. तऱ्हेतऱ्हेची असतात हो. काहींचं हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड इतके कोरे करकरीत असतात की आतलं किमतीचं लेबल कानाशी लोंबत असतं. काहीजण मला चालवतात कमी आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो जास्त काढतात. काही स्वतःची सीट घरून पिशवीत घालून आणतात, ते मला आवडतात, त्यांना दुखणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. आणि चढावर दम लागला की सगळे एकच वाक्य बोलतात, "सायकलच जड आहे." मी ऐकून घेते.

मग गेल्या वर्षी घड्याळवाले काका आले.

बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं लहानसं दुकान. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, बोलणं हळू. बरोबर लेक होती. तिला डोंगर चढायची हौस आणि यांना लेकीबरोबर राहायची. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, सगळं तिच्यावरच अडलेलं आहे. आमच्या दुकानातल्या सायकलींचा पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मागच्याचा डाव्या. काकांच्या घरच्या सायकलीला बरोबर उलटं. उभ्या उतारावर मागचा ब्रेक घट्ट धरायचा आणि पुढचा अलगद, नाहीतर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. काकांनी सवयीनं उजवा हात आवळला. मागचा समजून.

मी त्यांना फेकलं. दुसरा शब्द नाही. घसरगुंडी म्हणतात त्या उताराला, मधोमध झाडाचं एक मूळ आडवं आलंय, त्याच्या खाली गुडघाभर उंचीची पायरी. काका माझ्यावरून उडून त्या पायरीखाली दगडावर पडले. खांद्याजवळचं हाड मोडलं. लेकीची किंकाळी मला अजून ऐकू येते. चार महिने त्यांना हातात चिमटा धरता आला नाही म्हणे.

माझं फक्त हँडल वाकलं. मिस्त्रींनी ते सरळ करून दिलं. भीती कोण सरळ करणार?

यंदा सुट्टीच्या दिवसांत दुकानाच्या दारात तेच दोघं उभे. माझे आरे थरथरले. काका थोडे वाळले होते आणि उजवा खांदा जरा खाली होता.

"पुन्हा कशाला आलात काका?" मालकीणबाईंना राहवलं नाही.

"वर्षभर डोळे मिटले की तोच उतार दिसतो," काका म्हणाले. "एकदा नीट उतरून टाकतो. म्हणजे सुटेन."

"आई बोलत नाहीये यांच्याशी," लेक म्हणाली. "मला सांगितलंय, यांना धड परत आणलं नाहीस तर तूही येऊ नकोस."

"तीच निळी द्या," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काल फोनवर सांगितलंय मी, ब्रेक उलटे करून ठेवा म्हणून."

हो, सांगितलं होतं. आणि तिथंच सगळा घोळ झाला.

त्याचं असं झालं की आमच्या मालकीणबाईंचा आणि मिस्त्रींचा चार दिवस अबोला होता. बाईंनी एक चाक सरळ केलं होतं, आणि मिस्त्री गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "हे मला पुन्हा करावं लागेल." झालं. बाईंच्या तोंडाला कुलूप. मग मिस्त्रींचाही मान दुखावला, म्हणाले, यापुढे तुझ्या कामाला मी बोट लावणार नाही, तू माझ्या कामाला लावू नकोस. दुकान तर चालवायचं होतं. तेव्हा दोघं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायला लागले आणि आमच्या हँडलांना बांधायला लागले. 'हिची चेन सैल.' 'हिला मागे हवा.' मिस्त्री लिहायचे, बाई वाचायच्या. बाई लिहायच्या, मिस्त्री वाचायचे. जेवताना मीठसुद्धा चिठ्ठीवर मागत असतील, मला काय माहीत.

काकांचा फोन मिस्त्रींनी घेतला होता. काका यायच्या दिवशी सकाळी दुकान उघडताच त्यांनी पहिलं काम माझं केलं. माझे ब्रेक केबलचे आहेत, दोन्ही केबली सोडवून या हाताच्या त्या हाताला लावायच्या, पाव तासाचं काम. मन लावून केलं. मग चिठ्ठी लिहून माझ्या हँडलला बांधली: 'घड्याळवाले काका. ब्रेक उलटे.' म्हणजे, केले आहेत. आणि ते मागे पंक्चर काढायला गेले.

अर्ध्या तासानं बाई आल्या. चिठ्ठी वाचली. 'ब्रेक उलटे.' म्हणजे, करायचे आहेत.

त्या पान्हा घेऊन बसल्या तेव्हा मला आधी कळेचना. मग केबल सुटली आणि माझ्या लक्षात आलं की या बाई उलट्याचं पुन्हा सुलट करतायत. अहो बाई, झालंय ते, असं मी जीव तोडून ओरडले असते, पण मला ओरडायला घसाच नाही. केबलचा पेच ताजाच पिळलेला आहे हे बाईंना जाणवलंही असेल, कारण त्या क्षणभर थांबल्या. विचारायचं म्हणजे आधी कोणी बोलायचं, हा प्रश्न आला. त्या पुढे कामाला लागल्या. एवढ्यात मिस्त्री दारात आले. त्यांनी बाईंच्या हातात माझी केबल पाहिली. वाटलं असेल, ताणून घेतेय. तोंड उघडलं, चार दिवसांपूर्वीचं आठवलं, तोंड मिटलं, आणि ते आत निघून गेले.

इतकी चांगली माणसं आहेत दोघं. दोघांनीही काकांसाठीच केलं.

"बघा, एकदा दाबून बघा," बाई काकांना म्हणाल्या. काकांनी दोन्ही हातांनी दोन्ही ब्रेक एकदम आवळले. भ्यालेला माणूस असंच करतो, एक हात मोकळा ठेवायचा धीर त्याला होत नाही. मी जागची हलले नाही. "मस्त," काका म्हणाले. मस्त कसलं, माझं काळीज पाणी पाणी झालं होतं.

चढ तासाभराचा होता. चढावर ब्रेक लागतच नाहीत, म्हणून कोणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. लेक मागे. काका धापा टाकत होते आणि तोंडानं एकच पुटपुटत होते, "डावा अलगद, उजवा घट्ट. डावा अलगद, उजवा घट्ट." घरी पाठ करून आलेले. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. पण माझा पुढचा ब्रेक उजव्या हाताला होता, गेल्या वर्षी होता तसाच. ज्या एका गोष्टीनं त्यांचं हाड मोडलं ती त्यांनी वर्षभर घोकली होती.

मला जे करता येईल ते मी केलं. दोनदा चेन पाडली. लेकीनं दोन्ही वेळा हात काळे करून ती बसवली. एकदा मला वाटलं टायर फुटावा, पण टायर आपल्या मनावर फुटत नाही.

माथ्यावर पोचल्यावर काका थांबले. पाणी प्यायले. हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, गुडघ्याचे पॅड वर सारले, हातमोजा काढला आणि पुन्हा घातला. समोर घसरगुंडी. वरून पाहिली की ती उतार वाटतच नाही, रस्ता संपल्यासारखा वाटतो. काकांचे हात माझ्या हँडलवर होते आणि मला त्यांचे ठोके लागत होते. का माझेच होते, देव जाणे.

त्यांचा फोन वाजला.

"घ्या ना बाबा," लेक म्हणाली.

"तुझी आई असणार. आवाज ऐकला तर माझ्यानं उतरवणार नाही." त्यांनी खिशातल्या खिशात तो बंद केला. "चल, मी निघतो. मूळ ओलांडलं की तू ये."

आणि सोडली मला.

पहिले दहा हात मी कशीबशी गेले. खडी सरकत होती. काका बडबडत होते, "डावा अलगद, डावा अलगद," आणि उजवा हात हळूहळू आवळायला लागले होते. माझी पुढची रिम करकचली. शॉकअप खाली दबले. मागचं चाक हलकं झालं, जमिनीवर होतं पण नावाला. समोर ते मूळ. काकांनी मूळ पाहिलं आणि घाबरून आणखी आवळलं. मागचं चाक उचललं गेलं. झालं, मी म्हटलं, या वेळी मान.

वरून लेकीचा आवाज आला. "बाबा, हात सोडा. दोन्ही हात सोडा ब्रेकवरून."

सांगा मला, तुम्ही सोडले असते? खाली पायरी, पायरीखाली तोच दगड, आणि कोणी म्हणतंय, ब्रेक सोड. मी काकांच्या जागी असते तर जिवाच्या आकांतानं धरून ठेवले असते. काका एक क्षण गोठले. मग त्यांनी बोटं उघडली. दहाच्या दहा.

मागचं चाक दणकन खाली आलं. पुढचं सुटलं आणि फिरलं. मूळ माझ्या पोटाखालून कधी गेलं, पायरी कधी गेली, काही सांगता येणार नाही, मी डोळे मिटले होते असं समजा. काका "अगं आई गं" म्हणत होते, संथ, एका लयीत, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे. मग खाली गवताचं सपाट आलं, पुढे जरा चढ, आणि मी आपोआप मंद होत थांबले. काका पाय टेकवायचे विसरले. आम्ही दोघं हळूच डाव्या बाजूला गवतात आडवे झालो.

लेक धावत उतरली, सायकल वरच टाकून. तिच्या हातात फोन तसाच होता आणि त्यातून मालकीणबाईंचं रडणं ऐकू येत होतं. माथ्यावर काकांना आलेला फोनही त्यांचाच होता, तो काकांनी बंद केला म्हणून त्यांनी लेकीला लावला होता.

दुकानात काय घडलं ते मला नंतर कळलं. बाईंना राहवलं नव्हतं. केलेलं काम कोणालातरी दाखवायचं होतं. अबोला त्यांनीच मोडला होता, तोही टोमणा मारून: "घड्याळवाल्यांचे ब्रेक मीच उलटे करून दिले हो, तुम्हाला कुठली सवड." आणि मिस्त्रींच्या हातातला पान्हा गळून पडला होता.

काका गवतात उताणे पडून होते. लेक त्यांच्या खांद्यावरून, मानेवरून हात फिरवत होती, आणि रडत होती आणि शिव्या घालत होती. "बाबा, पुन्हा नाही. शप्पथ घ्या." काका म्हणाले, "नाही गं. पुन्हा नाही." तिनं त्यांना उठवून बसवलं. मला वाटलं होतं, उतरले म्हणजे भीती जाईल त्यांची. काही गेली नाही. ते माझ्यावर बसले नाहीत. एक हात माझ्या सीटवर आणि एक लेकीच्या खांद्यावर ठेवून सगळी वाट चालत आले.

दुकानात मिस्त्री आणि बाई दोघं दारात. "चूक माझी," बाई म्हणाल्या. "तिची नाही, माझी," मिस्त्री म्हणाले. "मी तिला करताना पाहिलं आणि गप्प बसलो." मग दोघं त्यावरूनच भांडायला लागले, चार दिवसांचं सगळं तुंबलेलं बाहेर पडलं. लेकीचे डोळे आग ओकत होते. ती काहीतरी कडक बोलणार होती, पण काकांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "मी रोज लोकांची घड्याळं दुरुस्त करतो. परत देताना एकेक काटा फिरवून बघतो, मगच देतो. आज मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि मस्त म्हणालो. कारण मला खरं तर बघायचंच नव्हतं."

मिस्त्रींनी खुर्ची पुढे केली आणि बाई पाणी आणायला गेल्या.

त्यानंतर काका आले नाहीत. लेकीचा एकदा फोन आला होता, बाबा बरे आहेत, दुकानात बसतात, असं बाई मिस्त्रींना सांगत होत्या. मी रांगेत दुसरी आहे, निळी. हँडलवर एक जुना ओरखडा आहे. उतार दिसला की मी अजूनही थरथरते, ते काही जायचं नाही.

तुम्ही आलात आणि मला नेलंत तर एवढंच करा. निघण्याआधी मला थोडं पुढे ढकला आणि एकच हात दाबा. कुठलं चाक थांबतं ते बघा. मग दुसरा हात. मला बोलता येत नाही, पण असं एकेक विचारलंत तर मी खरं तेच सांगते. त्या सकाळी मी उत्तर घेऊन उभी होते हो, मला कोणी विचारलंच नाही.